चौथ्या बंदुकीचा आवाज

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक हे स्वतः आणि दुसरी मी. नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही यात नवीन ते काय, असं कोणी म्हणेल. पण मी सांगतेय ते सोंग नव्हे. खरोखरचं बहिरेपण, आणि तेही अशा माणसाला आलेलं, की ज्याच्या कानांच्या भरवशावर पंधरा जण डोळ्यांजवळ बंदुकीची पेटती दारू धरत होते.

धंद्याने हे किल्लीवाले. बाजारातल्या एका जिन्याखाली दुकान, एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर ह्यांनी पोट आत घ्यावं. चाळीस वर्षं किल्ल्या घासायचं ते मशीन कानाशी किंचाळत राहिलं. लोक यायचे, किल्ली टाकायचे, "कधी होईल?" विचारायचे आणि जायचे. उभ्या आयुष्यात ह्यांना कोणी दुसरं काही विचारलं असेल तर शपथ.

बावीस वर्षांपूर्वी संग्रहालयाचा पहारेकरी एका जुन्या बंदुकीचा जाम झालेला चाप घेऊन आला. ह्यांनी तो दोन दिवसांत मोकळा केला. मग त्याच्या मागोमाग आणखी चार जण आले, आणि अशा रीतीने आमचं घर पलटणीत भरती झालं. पलटण म्हणजे काय, तर एरवी पोस्टमन, नर्स, बसड्रायव्हर असलेली माणसं सुट्टीच्या दिवशी निळे कोट चढवतात, मैदानात रांगा धरतात आणि दोनशे वर्षांपूर्वीची लढाई लोकांना करून दाखवतात. समोर लाल कोटांची दुसरी पलटण असते. मरायची पाळी ठरलेली असते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, हौसेला मोल नाही हेच खरं. नाहीतर चांगली धडधाकट माणसं चिखलात मरून पडायला गाडीभाडं खर्चून कशाला जातील?

पण बंदुका खऱ्या. ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, कागद कोंबायचा, गजाने ठासायचं. गोळी नसते, नुसता आवाज आणि धूर. तरी दारू ती दारूच, तिला नाटक कळत नाही. नळीच्या मागच्या टोकाला एक छोटी वाटी असते, तिच्यात चिमूटभर दारू. चाप ओढला की ठिणगी पडते, वाटीतली दारू भडकते आणि एका बारीक भोकातून आग नळीत शिरते. ते भोक काजळीने बुजलं, तर वाटी भडकते, धूर निघतो, पण नळीतला बार तसाच आत बसून राहतो. पंधरा बंदुका एकदम उडतात, त्यात आपली फुसकी गेली हे ज्याचं त्यालाही कळत नाही. तो पुढच्या हुकमाला दुसरा बार ठासतो. मग तिसरा. आणि कधीतरी ते भोक मोकळं होतं, तेव्हा साठलेले सगळे बार एकदम पेटतात.

म्हणून प्रत्येक लढाईआधी तपासणी. एकेकाची बंदूक उभी धरायची, लोखंडी गज नळीत सोडायचा आणि ऐकायचं. रिकाम्या नळीत गज तळाला आपटला की टण्ण वाजतो. आत दारू-कागद असेल तर ठप्प. एवढंच काम. ते काम आमचे हे करायचे, कमरेला लाल पट्टा बांधून. सगळे ह्यांना टणकाका म्हणायचे, पण हे रांगेसमोर आले की बसड्रायव्हरसुद्धा पाठ ताठ करायचा. बावीस वर्षांत कोणाची भुवई जळली नाही. दुकानात ज्याला कोणी मान वर करून बघत नाही, त्या माणसासमोर पंधरा माणसं श्वास रोखून उभी राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला त्याचा अभिमान होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि खाली स्वयंपाकघरात चहाची किटली शिट्टी मारत होती. मारत राहिली. मी खाली आले तर पाणी आटून किटलीचं बूड लाल झालेलं, आणि हे तिच्यापासून दोन हातांवर बसून एक कुलूप उघडत होते. मी किटली उतरवली. ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

हे माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "बारीक आवाज तेवढे जातात. बोलणं कळतं. तोंडाकडे बघितलं की कळतं."

"आणि गज?"

"गज दिसतो. नळी रिकामी असली की तो बोटभर उसळतो. मी उसळी बघतो."

मी काय काय बोलले ते विचारू नका. माझी जीभ कशी आहे ते सगळ्या पलटणीला ठाऊक आहे, मला तोफ म्हणतात ते काही उगीच नाही. पलटणीच्या कप्तानाला आजच्या आज सांगा, म्हटलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि एवढंच म्हणाले, "हा मोसम होऊ दे. मग मीच सांगतो." मग मोसम संपला आणि नवा सुरू झाला. मी रोज उद्या बोलू म्हणत राहिले.

खरं सांगायचं तर मला बोलायचं नव्हतं. पट्टा गेला की ह्यांच्याकडे ते जिन्याखालचं दुकान तेवढं उरणार होतं. दुसरं म्हणजे, दोन वर्षांपूर्वी एकाच्या काडतुसांच्या, म्हणजे दारूच्या कागदी पुड्यांच्या, पिशवीतून धूर दिसला म्हणून मी भर लढाईत "थांबा" ओरडले होते. धूर निघाला मागच्या माणसाच्या पाइपचा. चारशे प्रेक्षक हसले, कप्तानाने भोंग्यावरून माफी मागितली. त्या दिवशी ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की रांगेजवळ तोंड उघडायचं नाही.

तर त्या दिवशी दोन लढाया होत्या. एक सकाळी, एक दुपारी. बायकांचं काम पाणी देण्याचं. लांब झगे, डोक्याला रुमाल, हातात मडकी, रांगेच्या दहा पावलं मागे. माझ्या शेजारी पोस्टमनची बायको. गेली बारा वर्षं आम्ही दोघी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून काडतुसांचे कागद वळतो. ती स्वभावाने गरीब, मला ताई म्हणते, आणि माझ्या तोफखान्यासमोर बारा वर्षं टिकलेली ती एकटीच. तिचा नवरा रांगेत चौथा.

सकाळची लढाई धुरात पार पडली. दुपारी जेवणं झाली. पोस्टमन टापटिपीचा माणूस. बाकीचे झाडाखाली आडवे झाले तेव्हा तो मांडीवर बंदूक घेऊन सुईने ते भोक साफ करत बसला होता. बायको त्याला म्हणाली, "घरात कधी एक फडकं हातात घेतलं नाहीत." तो हसला आणि सुईवरची काजळी फुंकून दाखवली.

मग ढोल वाजला. रांग उभी राहिली. हे पहिल्या बंदुकीपाशी गेले, गज सोडला. टण्ण. दुसरी, टण्ण. मी मडकं कमरेवर घेऊन ऐकत होते. गेलं वर्षभर मी हेच करत होते. प्रत्येक तपासणीला मागे उभं राहून स्वतः ऐकायचं आणि स्वतःला सांगायचं, की मी आहे ना. तिसरी, टण्ण.

चौथ्या बंदुकीत गज सोडला आणि त्याच क्षणी पोस्टमन म्हणाला, "काय काका, जेवलात का?"

साधा प्रश्न. पण ह्यांना तो कळायला त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं. गज खाली जात होता आणि हे वर बघत होते.

ठप्प.

"हो, जेवलो की," हे म्हणाले, गज काढला आणि पाचव्याकडे सरकले.

मी शेजारी पाहिलं. पोस्टमनची बायको रुमालाची गाठ सारखी करत होती. तिला त्या आवाजातलं काही कळत नव्हतं, कळायचं कारणही नव्हतं. भोंग्यावर कोणीतरी प्रेक्षकांना लढाईचा इतिहास सांगत होता, ढोल वाजत होता. मला नीट ऐकू आलं का? की पुन्हा पाइपचा धूर? सहावी, टण्ण. सातवी. मी मनाशी म्हणत होते, भोक बुजलेलं असेल तर उडणारच नाही. आणि मग ती सुई आठवली. भोक त्याने आत्ताच साफ केलं होतं. नळीत सकाळचा एक बार असेल, दोन असतील, त्यावर तो आणखी एक ठासणार. नळी जुनी. गाल तिला टेकलेला.

पंधरावी बंदूक झाली. ह्यांनी कप्तानाकडे बघून हात वर केला. सगळं ठीक.

मी मडकं खाली ठेवलं आणि चालत रांगेच्या टोकाशी गेले. वचन मोडायचं नव्हतं, ह्यांची शोभाही करायची नव्हती. कानात सांगेन, हे काहीतरी निमित्त काढून चौथी परत बघतील, कोणाला काही कळणार नाही, असा माझा बेत. जवळ जाऊन मी हळूच म्हटलं, "अहो, चौथी परत बघा."

ह्यांची नजर रांगेवर होती. मी बाही ओढली. "चौथी. भरलेली आहे."

"नंतर," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"अहो, इकडे बघा तरी."

ह्यांनी बाही सोडवून घेतली. समोर कप्तानाने तलवार उंचावली होती, आणि हुकूम ह्यांना डोळ्यांनीच कळायचा. तेव्हा मला उमगलं, की ह्या माणसाला आता कानात काही सांगता येत नाही. सांगायचं तर सगळ्या मैदानाला सांगावं लागेल.

"बंदुका भरा," कप्तान ओरडला. पंधरा हात पंधरा पिशव्यांत गेले. पोस्टमनने काडतूस दातांनी फाडलं.

मी ओरडले. जेवढा होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "थांबा! चौथी बंदूक भरलेली आहे! ह्यांना ऐकू येत नाही!"

प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. ढोलवाला बावचळून थांबला. पोस्टमन काडतूस दातांत धरून तसाच उभा. आमचा कप्तान एरवी दातांचा डॉक्टर, लोकांच्या आरडाओरड्याला सरावलेला. तो कपाळाला आठ्या घालून आला आणि म्हणाला, "काकू, पुन्हा?" तरी त्याने पोस्टमनच्या हातातून बंदूक घेतली, उभी धरली आणि गज सोडला.

ठप्प. या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

गजाच्या टोकाला मळसूत्रासारखा काटा लावून आतलं बाहेर काढतात. कप्तानाने एक काळा कागद काढला, त्यामागून दारू गवतावर सांडली. मग दुसरा कागद निघाला. मग तिसरा. तिसऱ्यानंतर त्याने बंदूक हळूच आडवी ठेवली आणि हात कोटाला पुसले. रांगेतला तिसरा आणि पाचवा आपसूक एक पाऊल बाजूला झाले होते. कोणी हसत नव्हतं.

हे जागचे हलले नव्हते. कागद बघत होते. मग कमरेचा पट्टा सोडला, नीट घडी केली आणि कप्तानाच्या हातात दिला. "मला ऐकू येत नाही," हे म्हणाले. "कानांचं कोणाला सांगितलं नाही, ही चूक माझी." आवाज जरा मोठा लागला, बहिऱ्या माणसाचा लागतो तसा. इतके दिवस हे किती जपून हळू बोलत होते, ते मला तेव्हा कळलं.

लढाई रद्द झाली. लोक माझ्याभोवती जमले. बसड्रायव्हर म्हणाला, काकू, आज तुम्ही होतात म्हणून निभावलं. एका नर्सने मला मिठी मारली. पोस्टमन आला आणि माझे दोन्ही हात धरून नुसता उभा राहिला. मला रडू येत होतं आणि, काय सांगू, थोडं बरंही वाटत होतं.

मग त्याची बायको आली. तिने नवऱ्याला बाजूला केलं.

"ताई, काकांना ऐकू येत नाही हे तुम्हाला आज कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आजच कळलं म्हटलं असतं, तर तिने मानलं असतं, बारा वर्षांत तिने माझं काही न मानल्याचं मला आठवत नाही.

"नाही," मी म्हटलं. "गेल्या वर्षीपासून माहीत आहे. किटली जळाली होती बघ, तेव्हापासून."

तिचे ओठ हलत होते, ती मनात मोजत होती.

"म्हणजे सात लढाया," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "सात वेळा मी तुमच्या शेजारी मडकं घेऊन उभी होते."

मी खाली बघत झग्याच्या चुण्या सारख्या करत राहिले. तोफ म्हणे. एवढ्यात हे गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आले. तिचं बोलणं ह्यांनी पाठीमागून पाहिलेलं, म्हणजे काहीच कळलेलं नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही," मी म्हटलं.

"नीट सांग. मोठ्याने सांग."

ती समोरच उभी होती. पोस्टमन उभा होता, बाकीचे सगळे. दोरीपलीकडे प्रेक्षक अजून रेंगाळत होते. मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "सात लढाया, म्हणते. सात लढाया मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

ह्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे नाही, तिच्याकडे वळले.

"माझ्या आठ," हे म्हणाले. "हिला कळायच्या आधीची एक."