यंत्रातल्या गर्भाच्या बाजूने

माझ्या आयुष्यातलं एकमेव पहिलं बक्षीस मला गर्भपाताच्या विरोधात बोलून मिळालं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं आणि गर्भाबद्दलचं माझं सगळं ज्ञान कॉलेजच्या वाचनालयातून आलेलं होतं. आत्मविश्वासाला एवढं पुरतं.

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्या वर्षाची ही गोष्ट. त्याच सुमारास विलायतेत काचेच्या नळीत पोर झाल्याची बातमी आली. आमच्या शास्त्राच्या सरांनी ती वर्गात वाचून दाखवली आणि वादविवाद स्पर्धेला विषय दिला: ‘गर्भ यंत्रात वाढू लागल्यास गर्भपात हे पाप ठरेल.’ सर ब्रह्मचारी होते. नळीत ते पोर दोन-तीन दिवसच होतं आणि पुढचे सगळे महिने ते आपल्या आईच्याच पोटात वाढलं, हे बातमीत खाली लिहिलेलं होतं म्हणे. पण मथळ्याखाली उतरण्याची सवय ना सरांना होती, ना आम्हाला. चिठ्ठ्या टाकल्या. मला ‘पाप ठरेल’ ही बाजू आली आणि मी ती मनापासून पत्करली. एकोणिसाव्या वर्षी चिठ्ठीत येतं तेच आपलं मत असतं.

आम्ही मुकुंदवाडीला दोन खोल्यांत राहत होतो. मूळचे मेंढरंवाले. वडील अजून लासूर स्टेशनकडच्या गावी मेंढरांमागं फिरत, भाऊ चिकलठाण्याच्या कारखान्यात लागलेला आणि मी घराण्यातली पहिली कॉलेजात जाणारी. त्यामुळं घरात माझ्या शब्दाला वजन होतं आणि माझ्या वाट्याची भांडी वहिनी घासायची. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण रीतीप्रमाणं मला ‘वन्सं’ आणि ‘तुमी’ म्हणायची. मी तिला ‘तू’. दोन मुली आणि एक मुलगा झाल्यावर ती तेविसाव्या वर्षी औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कामावर लागली होती. सहा महिने कच्चं, मग पक्कं. दिवस गेलेल्या बाईला मात्र पक्कं करत नसत. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं.

मी भाषण मोठ्यानं पाठ करायची. दोन खोल्यांच्या घरात मोठ्यानं केलेलं पाठांतर सगळ्यांचंच होतं. एका दुपारी वहिनी तांदूळ निवडत बसली होती आणि मी माझा सगळ्यात लाडका मुद्दा घोळवत होते. मेंढीचं कोकरू मेलं की आमचे लोक त्याचं कातडं सोलून एखाद्या आईवेगळ्या कोकराच्या अंगावर बांधतात. मेंढी वास घेते, तिला आपलंच वाटतं आणि ती त्याला पाजते. चार-पाच दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी चालतं. “जे माझ्या अडाणी बापाला कातड्याच्या तुकड्यानं जमतं,” मी भिंतीला म्हणाले, “ते उद्याच्या शास्त्राला यंत्रानं का जमू नये? एकीला नको झालेला जीव दुसरीकडं वाढेल. मग त्याला मारायचं कशाला?”

“वन्सं,” वहिनी सुपातून मान वर न काढता म्हणाली, “मला दिवस गेल्यात. दुसरा चालूय. मोकळं व्हायचंय. तुमी दवाखान्यात संगं चला.”

तिला वाचता येत नव्हतं, कागद मला भरायचे होते. भावाला सांगायचं नव्हतं. त्याला आणखी एक मुलगा हवा होता. एकच मुलगा म्हणजे एकच डोळा, असं तो येता-जाता म्हणायचा.

मला तिची दया आली, हे खरं. पण त्याहून जास्त, आपल्याला जिवंत उदाहरण मिळालं याचा आनंद झाला. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले. “समज, वहिनी, तुझ्या पोटातनं ते अलगद काढून यंत्रात ठेवलं. तुला त्रास नाही, नोकरी शाबूत. मग तरी पाडशील?”

“आन् पुरं झाल्यावर?”

“कुणीतरी वाढवील.”

तिनं एक खडा उचलून फेकला. “मेंढीला वासानं फसवता येतं. मला कशानं फसवाल? पोट रिकामं झालं तरी पोर हायच ना कुठंतरी. रोज जेवताना इचार येईल, त्यानं खाल्लं आसंल का. मला पोटाचा तरास नाय वन्सं. तीन निघाल्यात त्यातनं. मला आनखी एकाची आई व्हायचं नाय. हे तुमचं यंत्र कसं काढनार?”

 तिचं बोलणं मी लगेच वहीत लिहून घेतलं, विरुद्ध पक्षाचा मुद्दा म्हणून.

“स्पर्धा शनिवारी आहे,” मी म्हणाले. “ती होऊ दे. सोमवारी जाऊ.”

शनिवारी शहर बंद होतं. पुढची तारीख लागली, तेव्हा संचारबंदी. आमच्या घरी ‘एका नावापायी एवढं?’ असं म्हणत. ज्यांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या धड नावानं हाक मारली नव्हती, त्या दलितांची घरं तेव्हा खेड्यापाड्यांत जळत होती. ते आम्हाला फार उशिरा कळलं. कळलं म्हणजे, आम्ही उशिरा कळून घेतलं. मला तेव्हा राग होता तो एवढाच, की पाठ केलेलं भाषण शिळं होत चाललं होतं.

खरं सांगायचं तर मधले कितीतरी दिवस रस्ते मोकळे होते. बसगाड्या धावत होत्या, दवाखाने उघडे होते. वहिनी सकाळी डबा बांधताना माझ्याकडं बघायची. एकदा म्हणालीही, “आज जमंल का?” मी म्हणाले, “अगं, एवढी स्पर्धा होऊ दे.” मला वाटायचं, आज हिच्याबरोबर कागद भरले तर परवा ‘पाप’ हा शब्द ठसक्यात कसा उच्चारायचा? माझ्या तत्त्वाला धक्का लागू नये म्हणून मी तिला थांबवून ठेवलं. स्पर्धा पुढं ढकलता येते, पोट ढकलता येत नाही, एवढं साधं गणित त्या तत्त्वात बसत नव्हतं.

शेवटी सहा आठवड्यांनी स्पर्धा झाली. मी वहिनीचं बोलणं शुद्ध मराठीत करून विरुद्ध पक्षाच्या तोंडी घातलं: “ती माता विचारील, उदर रिक्त झाले तरी मातृत्व कसे रिक्त व्हावे?”  मग मी हात उंचावून ते खोडून काढलं. कसं खोडलं, ते आता आठवत नाही. परीक्षक म्हणाले, प्रतिपक्षाची वेदना इतक्या प्रामाणिकपणे मांडणारी स्पर्धक आम्ही पाहिली नाही. ढाल घरी आली. वहिनीनं ती पदरानं पुसून फळीवर ठेवली.

सोमवारी, ठरल्याप्रमाणं, आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या चिडल्या. “तीन महिने उलटून गेलेत. इतके दिवस काय करत होता?”

वहिनीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “बंद व्हता, म्याडम,” ती म्हणाली.

आता दोन डॉक्टरांचं मत लागेल, भरती व्हावं लागेल आणि नवऱ्याला आणा, त्याची सही हवी, असं बाईंनी सांगितलं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, हे मला ठाऊक होतं. स्पर्धेसाठी मी तो कायदा कलमांसकट वाचला होता. चारशे माणसांसमोर मी अडखळले नव्हते. त्या टेबलासमोर मी “बरं” म्हणाले. आम्ही बस धरून मुकुंदवाडीला आलो. वहिनीनं भावाला काही सांगितलं नाही, कारण सांगून काय होणार ते तिला माहीत होतं. पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागलं आणि तिला कामावरून कमी केलं. बरोबरीच्या बायका पक्क्या झाल्या. चौथं मूल मुलगीच झाली. भाऊ आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

ही भाची माझी जीव की प्राण. हुशार, तोंडाळ, थेट माझ्यावर गेलेली. ती इंजिनिअर होऊन वाळूजच्या कंपनीत लागली, तेव्हा घरी पेढे वाटले. नातेवाईक म्हणाले, देव करतो ते बऱ्यासाठीच. त्यांना दवाखान्याचं काही माहीत नव्हतं, तरी माझ्या मनात आलं, बघा, शेवटी मीच बरोबर होते. तिच्याकडं बोट दाखवलं असतं तर कुठलाही वादविवाद जिंकता आला असता. एवढं गोंडस प्रमाण सरांनाही सुचलं नसतं.

स्वयंपाकघरात वहिनी एकटी होती. मी तिथं गेले आणि इतक्या वर्षांनी बोलून टाकलं. रस्ते मोकळे होते, तरी मी नेलं नाही. भाषणासाठी नेलं नाही. आणि लगेच, सवयीनं, पुढचा मुद्दाही मांडला: “पण आता हिच्याकडं बघून तुझा राग उरला नसेल ना?”

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“पोरीवर माझा राग कधीच नव्हता,” ती म्हणाली. “तिनं काय केलं? गुनाची हाय. तिच्याबिगर मला करमत नाय. पन तिला मधी घालू नका. ती येगळी, तुमी येगळ्या. राग तुमच्यावर हाय, वन्सं. तवाबी व्हता, आजबी हाय.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती थांबली, मला पूर्ण वेळ दिला. मी तिनं खाली ठेवलेलं पातेलं उचललं आणि घासायला बसले.