आधी तपासणी, मग बांगडी

मलकापूरपासून वडनेर भोलजीपर्यंत आणि तिथून वर संग्रामपूरपर्यंतच्या पट्ट्यात या मनियाराइतका चिवट, तोंडाळ आणि उपद्रवी माणूस दुसरा झाला नाही, आणि त्याच्याइतके बायकांचे जीव कोण्या डॉक्टरानंही वाचवले नसतील. हे मी म्हणतो, ज्यानं त्याला एकदा भर शेतात शिवी दिली होती. मनियार म्हणजे बांगड्या भरणारा. मुसलमान माणूस, राहायला मलकापूरला, पण गावं बापापासून ठरलेली. एका मनियाराच्या गावात दुसरा मनियार पेटी उघडत नाही, हा त्यांच्यातला कायदा. आमच्याकडे बाईचा हात परक्या पुरुषानं धरला तर कुऱ्हाडी निघतात, पण मनियारानं धरला तर कोणी मान वर करून पाहत नाही. उलट सासू सुनेला म्हणते, जा वो, मनियारबाबा आला, हात दे. त्यानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं असे हात धरले, म्हाताऱ्यांचे, पोरींचे, बाळंतिणींचे. माझ्या बायकोचाही धरला.

बूड टेकून बसलेला तो मला फक्त बांगड्या भरतानाच दिसला. एरवी त्याच्या पायाला भिंगरी. त्याची लुना एकदा बंद पडली की चालू व्हायला अर्धं गाव धक्क्याला लागायचं, म्हणून तो ती बंदच करायचा नाही. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, मागं कॅरिअरला बांधलेली लाकडी पेटी खळखळतीय, लुना धूर ओकतीय, आणि हा चहा पितोय. चहा संपायच्या आत त्याला पुढच्या गावचं काही आठवायचं आणि तो ग्लास हातात धरूनच निघायचा. स्टँडवरचा चहावाला दर शुक्रवारी मलकापूरला त्याच्या घरी जाऊन आपले ग्लास मोजून आणायचा. माझी बायको म्हणायची, "या मान्साच्या बुडाखाली कोनं निखारा ठेवला काय?"

बाईमाणसांची नावं त्याला पाठ नव्हती, मापं पाठ होती. बांगडीचं माप मोठ्या हाताला पावणेतीन, मधल्या हाताला अडीच, बारीक हाताला सव्वादोन. गर्दीत उभी असलेली बाई रस्त्यापलीकडून पाहून तो माप सांगायचा आणि ते चुकायचं नाही. एकदा सरपंचानं त्याला अडवलं. सरपंच नवा होता, कडक कपड्यातला. "सलाम नाई, राम राम नाई, मले ओळखत नाई काय बे?" हा म्हणाला, "ओळखतो ना. तुम्ही त्या पावणेतीनवाल्या वहिनीचे मालक." पुढची पाच वर्षं सरपंच गावात त्याच नावानं ओळखला गेला. निवडणुकीत पडला तोही त्याच नावानं.

आता माझी गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बीटी बियाणं तेव्हा आमच्याकडे नवं होतं. जुन्या कपाशीची बोंडं सवडीनं फुटायची. या नव्या वाणाची एकदमच फुटतात, आणि शेत पांढरं झालं की घरातलं चालतं-बोलतं प्रत्येक माणूस वेचणीला लागतं. बायका कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधतात आणि तिच्यात कापूस भरत ओळीनं पुढं सरकतात. असे आम्ही वेचत असताना मनियार धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन थांबला. मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, वहिनीचा हात गेल्या दिवाळीले अडीच होता. पोळ्याले एक नंबर उतरून दोन-सहा झाला. काल मी सव्वादोन भरली, ते बी ढिली हाय. हे बरं लक्षन नाई. मोठ्या दवाखान्यात दाखव."

मला वाटलं, गिऱ्हाईक करतोय. म्हटलं, "तुले नव्या बांगड्या खपवायच्या हायेत म्हनून माह्या बायकोचे हात मोजून राह्यला काय बे? कापूस वेचून कोनती बाई जाडी होते?" आणि वर एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. तो गेला.

बायकोच्या छातीत गाठ होती. तिला ठाऊक होतं, सहा महिन्यांपासून. मला बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. नंतर एकदा "अंगात कसकस वाटते" म्हणाली, तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं की वेचणी झाली की जाऊ. वेचणी झाली, मग हरभरा आला. पुढची दिवाळीही गेली. तालुक्याच्या डॉक्टरानं पुढं पाठवलं, तिथल्यानं आणखी पुढं, रेल्वेनं चार-पाच तासांवर. तिथं डॉक्टरीणबाई म्हणाली, वर्षभर आधी यायला पाहिजे होतं. चैत्रात ती गेली. सवाष्ण गेली म्हणून हिरवा चुडा भरायचा होता. मनियार आला तो लहान पोरींच्या मापाच्या बांगड्या घेऊनच आला. त्याला माप कोणी कळवलं नव्हतं. त्यानं चुडा भरला, पेटी उचलली आणि गेला.

त्यानंतर मनियाराचं डोकं फिरलं, असं लोक म्हणतात. पेटी उघडायच्या आधी तो बाईला विचारायला लागला, "बेटी, तपासलं काय?" म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाईकडून छाती तपासून घेतली का. नाही म्हटलं की पेटी बंद. "आधी तपासनी, मंग बांगडी." बायका चिडल्या, शिव्या दिल्या, पण करतील काय, दुसरा मनियार यायचा नाही. एका लग्नात तर कहर झाला. हळदीच्या आधी नवरीला चुडा भरायचा, बायका जमलेल्या, आणि हा पेटीवर हात ठेवून बसला. म्हणे, नवरीची माय दोन वर्षं मले फसवून राह्यली, आधी तिले तपासून येऊ दे. नवरीच्या मामानं कॉलर धरली. "माजला काय रे म्हताऱ्या? चुडा भर!" हा म्हणाला, "मार. पन मारल्यावर चुडा कोन भरन ते ठरवून मार." शेवटी नवरीची माय हळदीच्या पातळात मोटारसायकलवर बसून उपकेंद्रात जाऊन आली. काही निघालं नाही. मनियारानं चुडा भरला आणि जेवणावळीत त्या मामाच्याच शेजारी बसून चार लाडू हाणले.

पेटीचा खालचा कप्पा त्यानं रिकामा केला आणि त्यात कागद भरले. कोणाच्या रेशनकार्डाची झेरॉक्स, कोणाचं आधार, मोठ्या दवाखान्यात कोणती खिडकी किती वाजता उघडते त्याची चिठ्ठी, मलकापूरहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा. ज्या बाईला पुढं जावं लागलं तिच्यासोबत तो स्वतः जायचा. तिथला वॉचमन त्याला पाहून उठून उभा राहायचा म्हणे. हे त्यानंच सांगितलं, तेव्हा अर्धं सोडून द्या.

एकदा गावात तपासणीचं शिबिर लागलं. साहेब लोक चांगले होते, मनापासून आले होते. पण शिबिर लावलं चावडीत, जिच्यासमोरच्या पारावर गावातले रिकामे पुरुष दिवसभर बसलेले असतात, आणि तपासणी कशाची आहे ते देवळाच्या भोंग्यावरून तीनदा सांगितलं. गावातल्या एकूण एक बाईनं दार लावून घेतलं. डॉक्टर संध्याकाळपर्यंत माशा मारत बसले. मनियार तिथूनच तडक माझ्याकडे आला. शेतातल्या त्या शिवीनंतर आम्ही बोललो नव्हतो.

"भाऊ, तुही ओसरी पाह्यजे."

"कायले?"

"मी ओसरीत पेटी मांडतो. नर्सबाई आतल्या खोलीत बसन. बाई बांगड्या भराले चालली म्हटल्यावर कोनता मर्द इचारते, काऊन चालली म्हनून?"

मी हो म्हटलं. मग दर महिन्याला माझ्या ओसरीत बांगड्यांचा बाजार भरायचा. बाया हसत-खिदळत यायच्या, एकेक करून आत जायच्या, बाहेर येऊन हात पुढं करायच्या. माझी सून सगळ्यांना चहा द्यायची, आतल्या खोलीचा पडदा धरायची, बाळं सांभाळायची. मुलगा मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यानं यायचा. म्हणजे घरात मी आणि सून. आमच्या ओसरीतून तीन बायांना पुढं पाठवावं लागलं आणि तिघीही परत आल्या. मी पारावर छाती काढून बसायला लागलो.

आणि अख्खं गाव तपासून झालं, पण घरची सून कोणी तपासली नाही. माझ्या ध्यानात आलं नाही, नर्सबाईच्या आलं नाही. ती सदा पडद्याच्या बाहेरच्या बाजूला. एका दिवशी सगळ्या बाया गेल्यावर मनियार तिचा हात धरून बांगडी सरकवत होता, आणि हात जरा वर घेतला तशी ती कळवळली. त्यानं बांगडी तिथंच सोडली. बाहेर येऊन मला म्हणाला, "भाऊ, सूनबाईच्या काखेत काही तरी हाय. सून नाई म्हनन. तू नाई म्हनू नको."

सासऱ्यानं सुनेशी असल्या गोष्टी बोलायची आमच्याकडे रीत नाही. आठ वर्षांत ती माझ्याशी दाराआडूनच बोलली होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "सूनबाई, मनियार म्हनते ते खरं काय?"

दाराआड बांगड्या वाजल्या. मग दाराआडून आवाज आला, "वेचनी झाल्यावर जाईन, मामाजी."

त्या साली अळीनं अर्धी बोंडं खाल्ली होती, उरलेला कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला माणूस मिळत नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती. पण ते वाक्य मी याच घरात आधी ऐकलं होतं, आणि त्याला हो म्हटलं होतं. मला काय झालं कोण जाणे, मी खुंटीवरच्या वेचणीच्या सगळ्या ओट्या काढल्या, गठ्ठा केला आणि नेऊन विहिरीत टाकला. सून मागं धावत आली, डोक्यावरचा पदर गळून पडला.

"मामाजी! त्यातली एक माह्या चांगल्या लुगड्याची होती ना!"

माझ्या तोंडावर बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो, मुलगा, सून, मी आणि पेटी घेऊन मनियार. पेटी कशाला म्हटलं तर म्हणाला, तिच्या वजनाबिगर चालताना मले झोके बसतात. तपासण्या झाल्या, फेऱ्या झाल्या, आणि पंधरा दिवसांनी ऑपरेशनचा दिवस आला. आत न्यायच्या आधी सिस्टर म्हणाली, बांगड्या काढा. सुनेनं दोन्ही हात पदरात लपवले. नवऱ्याच्या जिवंतपणी मोकळे हात कसे करणार? सिस्टरला घाई होती, ती म्हणाली, "निघत नसतील तर फोडते." सून ओरडलीच. मनियार मधे पडला. "बाई, पाच मिन्टं द्या. अन् साबनाचा तुकडा." त्यानं तिचा पंजा मुठीत दाबून लहान केला, साबण लावला, आणि एकेक बांगडी उतरवली. एकही तडकली नाही. निघाल्या त्याच ओळीनं दोऱ्यात ओवल्या आणि तिच्या नवऱ्याच्या मनगटात बांधल्या. "तवर तू घाल," म्हणाला. सून रडता रडता हसली. ती आत गेली आणि मुलगा बांगड्या खळखळवत रक्ताच्या बाटलीसाठी पळाला.

मग आम्ही दोघंच उरलो. मला बसवत नव्हतं, त्याला उभं राहवत नव्हतं. मी चार वेळा त्या दारापर्यंत जाऊन आलो. पाचव्यांदा जाताना म्हटलं, "तू मले सांगतलं होतं. मी आयकलं नाई."

तो पेटीचं कुलूप चाळवत होता. म्हणाला, "तू शिवी देल्ली. पन मी काय केलं ते तुले माईत नाई. मी रुसलो. दीड वर्ष तुह्या गल्लीत आलो नाई, वरच्या रस्त्यानं जायचो. एकदा वहिनीनं दुरून हाक मारली, 'मनियारबाबा, थांबा जरा.' दोनदा मारली. मी आयकू आलं नाई असं केलं. बाई घरच्यांले नाई सांगत ते मनियाराले सांगते, भाऊ. तिले तेच सांगायचं असन."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एक तर मारलं असतं, नाहीतर गळ्यात पडलो असतो. मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. बसून राहिलो.

दुपारनंतर डॉक्टरीणबाई आली. गाठ वेळेत सापडली म्हणाली. औषधं लांब चालतील, केस जातील, परत येतील, पण बाई राहील. मनियारानं डॉक्टरीणबाईच्या हाताकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाला, "अडीच."

सून आहे. केसही आले. मनियार आता मलकापूरला अंगणात खाटेवर असतो, डोळे अधू झाले, गुडघे गेले. त्याचा पोरगा मोबाइलच्या दुकानात लागला, गावं सुटली. आमच्या पोरी आता बाजारातून बांगड्या आणतात, घरी येऊन आपल्या आपण घालतात, आणि अर्ध्या तर घालतच नाहीत. चांगलं आहे म्हणा, ज्याचे हात त्याच्यापाशी. पण दुपारची गल्ली सामसूम असते तेव्हा वाटतं, कोण्या बाईनं हाक मारली तर थांबणारं कोणी तरी तिथून जात असायला पाहिजे होतं.