जिना चढतानाचा व्हिडिओ

कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणायचे. कापड बेतून कापणारा तो मास्तर, ही धंद्यातली जुनी बोली. तिच्याआधी त्या लांबलचक टेबलाशी कधी बाई उभी राहिलीच नव्हती, त्यामुळे वेगळा शब्द शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तिलाही ते मनातून आवडायचं. नवरा शाळेची बस चालवायचा. अबोल माणूस, पण वाद हरायला लागला की तोसुद्धा म्हणायचा, "बरं मास्तर, तुमचंच खरं."

कापडावर तिचा हात असा बसला होता, की डोळे मिटून, नुसतं चाचपून ती सुलट बाजू कुठली नि उलट कुठली ते सांगायची. म्हणून दुखणं आलं ते आधी बोटांतच कळलं. एका सकाळी उजव्या हाताला काही लागेचना, मोजा घातल्यासारखं. मग डावा डोळा गढूळ झाला. तिने टेबलावरचा दिवा बदलून घेतला, चष्मेवाल्याशी जाऊन भांडून आली. आणि एका दुपारी बाह्यांचे मुंढे कापता कापता डावा पाय तिला सोडून गेला. ती कापडाच्या थप्पीवर कोसळली आणि सगळ्या कारखान्यादेखत तिचे कपडे ओले झाले. मशीनवरच्या बायकांनी धावत येऊन भोवती कापड धरलं, आडोसा केला, आणि पुढे त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. न काढल्यामुळेच की काय, तिच्या मनातून ते कधी गेलं नाही.

तपासण्या झाल्या. डॉक्टर वयस्कर होते, शब्द मोजून मापून बोलणारे. "मल्टिपल स्क्लेरोसिस," ते म्हणाले. "मेंदूपासून निघणाऱ्या तारांवरचं वेष्टण आपलंच शरीर कुरतडतं. बरा होत नाही, आवरता येतो."

"आवरता येतो म्हणजे काय?"

"गेलंय ते बहुधा परत येणार नाही. पुढचं जाणं लांबवता येईल. औषध मात्र चुकवायचं नाही."

ती बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "या माणसाला गोड बोलायला कुणी शिकवलंच नाही."

इस्पितळाच्या मागच्या बाजूच्या एका खोलीत याच दुखण्याचे लोक महिन्यातून एकदा जमत. तिथे तिला गाणंवाल्या बाई भेटल्या. बाई घरी गाणं शिकवायच्या. दुखणं तिच्यापेक्षा जुनं, हातात काठी, पण आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. पहिल्याच दिवशी शेजारी बसत म्हणाल्या, "मास्तर, तुमचा उजवा पाय धड, माझा डावा. दोघी मिळून एक बाई पुरी होते." मास्तर कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

मग बाई दोन-तीन बैठकांना दिसल्या नाहीत. परदेशी गेल्यात म्हणे, कसलेसे नवे उपचार घ्यायला. आणि एके दिवशी सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. एक पांढरा स्वच्छ जिना. बाई काठीशिवाय, कठड्याला हात न लावता तो चढतायत. वर पोचल्यावर वळून दोन्ही हात पसरतात आणि हसतात. खोलीत तो सगळ्यांनी पाहिला, पुन्हा पाहिला. एक गृहस्थ तर रडायलाच लागले.

बाई बैठकीला पुन्हा आल्या नाहीत, पण मास्तरला त्यांचा रोज फोन यायला लागला. संध्याकाळी, नवरा बस लावून यायच्या आधी. स्टेम सेल काय असतात, पाठीच्या कण्यात ते कसे सोडतात, जाण्याआधी चालू औषध कसं बंद करायचं, तिथली माणसं किती प्रेमळ, हे आधी. मग हळूहळू इकडच्या तिकडच्या गप्पा. मास्तरला तोवर मैत्रीण अशी नव्हतीच. टेबल आणि घर यांत आयुष्य गेलेलं. ती बोलत सुटली. नवरा आता आपल्याला अलगद, पाहुण्यासारखं वागवतो आणि त्याचा राग येतो, हे सांगितलं. कारखान्यात त्या दुपारी काय झालं तेही सांगितलं. नवऱ्यालासुद्धा तिने एवढंच सांगितलं होतं की, चक्कर आली.

"अगं बाई," पलीकडून आवाज ओला झाला होता. "मास्तर, मग तुम्ही वाट कसली बघताय?"

डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा प्रयोग नाही, हा धंदा आहे. खरा प्रयोग असता तर तुमच्याकडून पैसे घेतले नसते. आणि चालू औषध बंद करून या, असं तर कुणी जबाबदार माणूस फोनवर सांगत नाही."

"आम्ही बरं झालेलं तुम्हाला नकोच आहे," ती म्हणाली आणि उठली. उठताना तोल गेला. डॉक्टरांनी हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

कारखान्यात इतक्या वर्षांत तिचा थोडा हिस्सा झाला होता, तो तिने भागीदाराला विकून टाकला. ज्या टेबलावर उभं आयुष्य काढलं त्याच्याकडे निघताना वळूनही पाहिलं नाही. परत येऊन नवं टेबल घालू, अशी तिची खात्री होती. औषध बंद केलं. नवऱ्याने रजा टाकली, बॅगा भरल्या, कुठे काही बोलला नाही.

तिथलं क्लिनिक म्हणजे फर्निचरच्या दुकानावरचा एक मजला. शिरल्याशिरल्या माशांची मोठी पेटी, चामड्याचे सोफे, भिंतीवर हसऱ्या पेशंटांचे फोटो. त्यात बाईही होत्या. मास्तरने काचेवरून त्यांच्या गालाला बोट लावलं. आपली भाषा बोलणारी एक दुभाषी त्यांनी ठेवली होती. चाळिशीची, नीटनेटकी, सतत खांद्यावर हात ठेवणारी. मोठा डॉक्टर दारातूनच हसून जायचा.

सुई कण्यात गेली. मग डोकं असं ठणकलं की उशीवरून मान हलवता येईना. नवरा ओल्या रुमालाच्या घड्या बदलत बसला. मग एक सलाईन लागलं आणि जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव आली. ती चव तिच्या ओळखीची होती. घरी दुखणं उसळलं की डॉक्टर स्टेरॉइड द्यायचे, तेव्हा अशीच यायची, आणि त्यानंतर चार दिवस अंगात वारं भरल्यासारखं वाटायचं. तिला हे आठवलं. तिने ते बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी खरंच पाय हलके झाले. ती खोलीत भिंतीला न धरता फिरली. नवऱ्याने पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवून उभा राहिला.

दुभाषी कॅमेरावाल्याला घेऊनच आली. "चला, जिन्यावर. आत्ताच जाऊ या, पुढे थकवा येतो." तिने मास्तरचे केस सारखे केले आणि अगदी मायेने म्हणाली, "आणि त्याची काळजी आता सोडा हं. कारखान्यात सगळ्यांसमोर कपडे ओले झाले होते ना? आमच्या उपचाराने त्यातही फरक पडतो."

मास्तर होती तिथेच थांबली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या मैत्रिणीने. तुमची सगळी माहिती त्यांनीच तर दिली. फार जीव आहे त्यांचा तुमच्यावर." दुभाषीला वाटलं आपण आनंदाची बातमी देतोय. "आणि तुम्ही आल्यामुळे त्यांची उपचाराची पुढची फेरी पक्की झाली. ती त्यांना आमच्याकडून फुकट."

नवरा खोलीतच होता. त्याने हे ऐकलं. चक्कर नव्हती ती, हे त्याला असं कळलं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, पण तिचे पाय त्या दिवशी नेमके घट्ट होते. ती जिन्यापाशी गेली आणि चढली. कठड्याला हात न लावता. का चढली, हे तिने पुढे स्वतःला हजारदा विचारलं. राग होता, आशाही होती. पण सगळ्यात मोठी गोष्ट ही की पाय चालत होते. चालणारे पाय तिने थांबवले नाहीत. वर पोचल्यावर खालून कुणीतरी सांगितलं, हसा. ती हसलीसुद्धा.

परतीच्या विमानात नवरा म्हणाला, "मला पहिल्यापासून हे खरं वाटत नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हसायला लागली होतीस," तो म्हणाला. "त्या फोननंतर. मला ते मोडवेना."

घरी आल्यावर थोडे दिवस बरे गेले. मग पाय पुन्हा जड झाले आणि नंतर एकदम, धरण फुटावं तसं, सगळंच गेलं. डावा पाय पूर्ण, उजवा निम्मा; चाकाची खुर्ची आली. उजव्या हाताच्या बोटांत कात्री राहीना. डॉक्टरांनी तपासलं, औषध पुन्हा लिहून दिलं. मध्यंतरी ते बंद होतं तेवढ्यात दुखण्याने हात धुऊन घेतले होते. मागचं काहीच ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बाईंचा फोन आता येत नव्हता. तिने केला तर उचलत नव्हत्या. शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं, मला त्यांच्या घरी न्या.

दार उघडायला खूप वेळ लागला. बाई चाकाच्या खुर्चीत होत्या. मागे तंबोरा भिंतीला टेकलेला, त्याच्या गवसणीवर धूळ. दोघी एकमेकींच्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या. नवरा बाहेरच थांबला.

"तुम्ही कधीपासून खुर्चीत?" मास्तरने विचारलं.

"झाले दिवस."

"मी जायच्या आधीपासून?"

बाईंनी मागे वळून तंबोऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी खोटं बोलले नाही, मास्तर. जिना मी चढलेच होते की."

"मीही चढले. केसाने गळा कापलात बाई माझा."

"मला वाटलं, एका फेरीत टिकलं नाही, दुसऱ्या फेरीत टिकेल. ते म्हणाले, कुणाला घेऊन या, तुमची फेरी आम्ही करू. माझं दुसरं काय उरलं होतं? आणि तुम्ही बऱ्या झाला असता, तर जन्मभर माझे पाय धरले असते तुम्ही."

हे खरं होतं, म्हणून मास्तरला जास्तच लागलं. विचारायचं होतं ते एकच होतं.

"रोज संध्याकाळी फोन करायचात. तोही त्यांनीच सांगितला होता?"

बाईंचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला. "सुरुवातीला," त्या म्हणाल्या. "नंतर नाही. नंतर मी आपणहून करायचे."

"नंतर म्हणजे कधीपासून?"

"ते कसं सांगू?"

मास्तरने नवऱ्याला हाक मारली. पैसे, पाय, टेबल, सगळ्याचा हिशेब तिने मनाशी कसाबसा लावला असता. पण कुठल्या दिवशीचं हसणं खरं नि कुठल्या दिवशीचं सांगून केलेलं, हे आता कुणालाच निवडून देता येणार नव्हतं. बाईंनाही नाही.

पुढच्या बैठकीत तिने सगळं सांगितलं. कपडे ओले झाल्याचंही, स्वतःच्या तोंडाने, नवऱ्यासमोर. दुसऱ्या कुणी ते वापरण्यापेक्षा आपण बोललेलं बरं. काहींनी मान खाली घातली. एक नवं जोडपं मात्र बाहेर पडताना म्हणालं, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, आणि पुढच्याच महिन्यात गेलं.

तिचा व्हिडिओ अजून फिरतोय. क्लिनिकवाल्यांनी तो काढला नाही, उलट फोन करून विचारलं, लोकांशी बोलाल का, तुमचीही फेरी करून देऊ. तिने दिलेलं उत्तर नवऱ्याने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिच्या तोंडून असले शब्द येतात हे त्याला लग्नाच्या पंचवीस वर्षांनी कळलं. अनोळखी लोकांचेही फोन येतात. ती प्रत्येकाला सांगते, जिना चढले हे खरं, आज उभी राहू शकत नाही हेही खरं. काही आभार मानतात. काही म्हणतात, तुमचंच काहीतरी चुकलं असेल.

काम मात्र पुन्हा सुरू झालं, वेगळ्या तऱ्हेने. मशीनवरच्या दोघी जणी सुट्टीच्या दिवशी घरी येतात. ती खुर्चीतून सांगते, त्या जेवणाच्या टेबलावर खडूने आखतात. "उरेब धरा, उरेब. तिरकं जाऊ द्या, सरळ धाग्यावर कापलंत तर अंगावर पोत्यासारखं बसेल." त्या चुकल्या की ती ओरडते आणि त्या निमूट ऐकून घेतात.

बाई दुसऱ्या फेरीला जाऊन आल्या, असं कानावर आलं. व्हिडिओ आला नाही.

परवा इस्पितळात तपासणीसाठी नेलं होतं. रांगेत गर्दी, जागा कमी. मदतनिसाने तिची खुर्ची एका खुर्चीला खेटून लावली आणि तो निघून गेला. शेजारी बाई होत्या. खूप वाळलेल्या, मान एका अंगाला कललेली.

"मास्तर," बाई हलकेच म्हणाल्या, "तुमचा नंबर कितवा?"

"तुमच्या आधीचा," ती म्हणाली.

मग जो हात थोडा ऐकत होता, त्या हाताने तिने चाक धरलं आणि जोर लावून खुर्ची दुसरीकडे वळवली. वेळ लागला. बाई बघत होत्या, हे तिला ठाऊक होतं.