यमुनाबाईंनी न टाळलेला धडा

यमुनाबाई राव यांची आणि माझी ओळख झाली ती आम्हा मायलेकींच्या भांडणामुळे. वडिलांची रेल्वेत भुसावळहून चेन्नईला बदली झालेली, आणि मी उपयोजित मानसशास्त्राची पदवी घ्यायचा हट्ट धरून बसलेले. वेड्यांचं शास्त्र शिकलेल्या मुलीशी लग्न कोण करणार, असा आईचा प्रश्न होता. इथे मराठी कोणाला कळतंय, अशा भरवशावर आम्ही कॉलेजात प्रवेशाच्या टेबलासमोरच वाद घालत होतो. टेबलामागच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "भांडूं नका. मज सगळें कळतें."

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या तंजावरी मराठी घराण्यातल्या बाईंची ही जुन्या वळणाची बोली ऐकून आई ओशाळली. मला प्रवेश मिळाला. पुढे आई आजारी पडली, तेव्हा बाई मैलापूरच्या आपल्या घरून दोन बस बदलून रसमभाताचा डबा घेऊन आमच्या क्वार्टरवर आल्या. आईला तमिळ येत नसे, दिवसभर बोलायला कोणी नसे. बाईंनी तिची नणंद, जाऊ, भुसावळची शेजारीण, सगळ्यांची गाऱ्हाणी निवांत ऐकली. त्या गेल्यावर आई म्हणाली, हे तुझं शास्त्र एवढंच असेल तर शीक बाई.

वर्गात बाई कडक होत्या. नव्याने मानसशास्त्र शिकणाऱ्यांना एक खोड लागते, दिसेल त्याचं निदान करायची. आमच्यापैकी प्रत्येकीने पहिल्या सहामाहीतच घरच्यांना कोणता ना कोणता विकार चिकटवला होता. बाई म्हणत, आधी माणसाला पाणी विचारा, मग विकार शोधा. त्यांच्या कामाबद्दल त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते आमच्या दुसऱ्या वर्षाबद्दल, आणि ते लिहायची परवानगी मी बाईंकडून मागून घेतली आहे.

त्या वर्षी बाईंचा एकुलता मुलगा रघू गेला. इंजिनिअरिंगला होता. मित्रांबरोबर चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर गेला होता, येताना मोटारसायकल घसरली. बाई आता कॉलेजात परत येणार नाहीत, असं सगळेच धरून चालले. बाईंचे यजमान रावसाहेब विभागप्रमुखांना म्हणाले होते की ती जेवतही नाही, शिकवणार कुठली.

आम्ही वर्गातल्या मुली भेटायला गेलो. समुपदेशनाचं तंत्र नुकतंच शिकलो होतो: समोरच्याची भावना ओळखायची आणि त्याच्यापुढे शब्दांत ठेवायची. आमची वर्गप्रतिनिधी मीनाक्षी जमिनीवर बाईंच्या समोर बसली, शिकवल्याप्रमाणे किंचित पुढे झुकली, आणि म्हणाली की मॅडम, तुम्हाला फार एकाकी वाटत असावं. मग दुसरीने, मग तिसरीने तेच. बाईंनीच शिकवलेलं सगळं त्यांच्यापुढे पाठ म्हणून दाखवलं जात होतं. त्या प्रत्येकीला मान हलवून हो म्हणत राहिल्या. उठून आत गेल्या असत्या तरी कोणी नाव ठेवलं नसतं. मला रडू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळत बसले.

बाई परत आल्या. त्या सहामाहीत शोकावरचा धडा होता. तो दुसऱ्या कोणी घ्यावा असं विभागाने सुचवलं; आम्हीही आमचं आम्ही वाचू म्हणून सांगितलं. बाईंनी ऐकलं नाही. त्या वर्गात आल्या आणि फळ्यावर शोकाचे टप्पे लिहिले. मग इंग्रजीत म्हणाल्या की परीक्षेत हे असंच लिहा, पण माझ्याकडे ते या क्रमाने आलं नाही. सकाळी एक येतं, दुपारी दुसरं, आणि संध्याकाळी सगळं एकदम.

मग आमच्या भेटीबद्दल बोलल्या. तुमचं तंत्र बरोबर होतं, मार्क द्यायचे तर मी पूर्ण दिले असते, म्हणाल्या. पण माझ्या मुलाचं नाव तुम्ही कोणी घेतलं नाहीत. घरी येणारं कोणीच घेत नाही. मला वाईट वाटेल म्हणून भितात. मला तर तेवढंच ऐकायचं असतं.

 मीनाक्षी उभी राहिली आणि तिने साधा प्रश्न विचारला, "मॅडम, रघूला काय आवडायचं?"

बाई खुर्चीत बसल्या. उरलेला तास त्या रघूबद्दल बोलल्या. तो डोसा करपवून खायचा, सभेतल्या कचेरीला, म्हणजे गाण्याच्या मैफलीला, आईबरोबर जाऊन तिथेच झोपायचा, मराठी बोलायला लाजायचा पण रागावला की मराठीतच रागवायचा. बोलता बोलता त्या रडल्या, पदराने डोळे पुसले, पुन्हा बोलल्या. घंटा झाल्यावर त्यांनी हजेरी घेतली. मी आज शाळांमधून समुपदेशन करते ते त्या एका तासाच्या शिदोरीवर.

बाई दुःखातून बाहेर आल्या, असं मी लिहिणार नाही. त्या आल्या नाहीत. दुःख घेऊनच त्यांनी कॉलेजात मुलींसाठी समुपदेशनाची खोली सुरू केली, आणि निवृत्त होईपर्यंत दुपारी तिथे बसल्या. जगणं नको झालेल्या कितीतरी मुली त्या दाराने आत गेल्या आणि बाईंच्या डब्यातलं खाऊन बाहेर आल्या.

आमच्याकडे आईवडिलांची साठी मुलं करतात. रावसाहेबांची साठी आली आणि गेली, घरात साधा होमही झाला नाही. बाईंच्या साठीला आम्ही विद्यार्थिनींनी या ग्रंथाचा घाट घातला, तेव्हा त्या कशाबशा तयार झाल्या. समारंभाच्या निमंत्रणाचा मसुदा दाखवायला मी मैलापूरला गेले. त्याच्या शेवटी रीतीप्रमाणे बाईंना शंभर वर्षं आयुष्य मागितलेलं होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. आम्हा मुलींना त्या तमिळ लाडाने कण्णा म्हणत.

"हें काढ, कण्णा. तो एकवीस वर्षांचा गेला. मज शंभर कशाला?"

मी या विषयाची पदवी घेतलेली बाई.  पण पेन काढून ती ओळ खोडली.

पण बाई, लेख माझा आहे, आणि इथे मी ऐकणार नाही. हे आयुष्य तुम्हाला नकोसं होतं, ते मला ठाऊक आहे. तुमच्यासाठी मागायचा धीर मला होत नाही, म्हणून आमच्यासाठी मागते. गुडघ्यांचं औषध वेळेवर घ्या, दुपारचं जेवण चुकवू नका, आणि अजून पुष्कळ वर्षं आम्हाला रागवायला राहा. आम्हाला अजून आई लागते.