टोमॅटोचा क्रेट

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही. आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. स्वतःची किळस आता गिळवत नाही, इतकंच.

संगमनेरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आणि शाहीननं मिळून प्रोजेक्ट केला. दोन छोटे रोबो, एक माझा, एक तिचा — दोघांनी मिळून टोमॅटोचा क्रेट उचलून न्यायचा. एकमेकांना कसं सांभाळून घ्यायचं, ते सगळं शाहीननं लिहिलं. ज्याला पुढं जमणार नाही, त्यानं आधी जोडीदाराला कळवायचं, मगच सोडायचं — हा नियम तिचाच. "कपाट उचलताना आपन वरडतोच की, थांब, हात सुटतोय," ती म्हणायची. किती साधी गोष्ट! मला का नाही सुचली? तेच खुपत होतं मला.

प्रोजेक्टच्या परीक्षेला पुण्याच्या एका कंपनीचे लोकही येणार होते, नोकरीसाठी मुलं निवडायला. शाहीनच्या घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, कॉलेजातून नोकरी लागली तरच पुण्याला पाठवू. हे मला ठाऊक होतं. तरी त्या सकाळी, तिला न विचारता, माझ्या रोबोतला तो नियम मी बंद केला. निरोप देण्यात त्याचा वेळ जातो म्हणे! पाहुण्यांसमोर तो चपळ दिसायला हवा होता.

ऐनवेळी त्याचं चाक अडकलं. त्यानं मुकाट्यानं क्रेट सोडला. तिचा बिचारा ओढतच राहिला आणि टोमॅटो फरशीभर झाले. परीक्षकांनी विचारलं, ताळमेळाचा भाग कुणाचा? — आणि मी काय केलं? शाहीनकडं बघितलं.

"माझंच कायतरी चुकलं आसंल का रे?" तिनं नंतर विचारलं. बघावं लागेल, म्हणालो. आणि तिनं बघायच्या आत नियम परत चालू करून ठेवला. काही चुकलेलंच नव्हतं, तिथं ती कित्येक दिवस चूक शोधत बसली. मी समोर बसून मिसळ ओरपत होतो. शी!

त्या कंपनीत मी लागलो. मुलाखतीत तो नियम माझा म्हणून सांगितला — न अडखळता. शाहीन आता राहात्याला एका दुकानात बिलं करते.

परवा तिचा मेसेज आला. तिची मुलगी रोबोच्या क्लासला जायचं म्हणतेय. "तूच सांग तिला कायतरी. मला ते कधी जमलंच न्हाई."

मी हसरा इमोजी पाठवला.