बस्त्यावच्या भावाची पहिली गाडी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगराळ भागात होतं. मी सिग्नल्सचा हवालदार. ब्रिगेड हेडक्वार्टरला आम्ही दोन डी. आर. होतो, म्हणजे डिस्पॅच रायडर. वायरलेस लागत नाही, टेलिफोनची लाईन तुटलेली आहे, अशा वेळी निरोप खिशात घालून बुलेटवर निघायचं, हे आमचं काम. लोकांना वाटतं फौज म्हणजे बंदूक. मी सगळ्या सर्व्हिसमध्ये बंदुकीपेक्षा पाना जास्त धरला.

दुसरा डी. आर. लान्स नायक सेबॅस्टियन. रोल कॉलला सेबॅस्टियन, घरी बस्त्याव. उत्तनजवळच्या पालीचा कोळी. माझं बिऱ्हाड भाईंदर पूर्वेला, गोडदेवला. इतक्या लांब डोंगरात आपल्याच स्टेशनवर उतरणारा माणूस भेटला की काय वाटतं, ते सिव्हिलियन माणसाला सांगून कळायचं नाही. त्याची आई सुके बोंबील पाठवायची. आम्ही दोघं ते स्टोव्हवर भाजायचो आणि अख्खी बॅरेक आम्हाला शिव्या घालायची.

सकाळी सहाला फर्स्ट परेड. म्हणजे गाडीची तपासणी: तेल, टायर, चेन, ब्रेक, केबल, शेवटी पेट्रोलचा कॉक. टाकीखाली ती छोटी चावी असते. एरवी ती 'ऑन'वर ठेवायची. पेट्रोल कमी झालं की इंजिन खोकतं, मग चावी रिझर्व्हला फिरवायची आणि मिळतील त्या मैलांत पंप गाठायचा. पेट्रोल भरल्यावर परत 'ऑन'वर. जो विसरतो त्याला पुढच्या वेळी गाडी काही न सांगता रस्त्यात सोडते. बस्त्याव कधी विसरला नाही.

आमच्या एम. टी.च्या, म्हणजे गाड्यांच्या विभागाच्या हवालदाराचं एक वाक्य रोज कानावर पडायचं. "गाडी छोड के कोई नहीं आएगा." बंद पडली तर ढकलत आणा, पण आणा. एकदा बस्त्यावची चेन तुटली. पठ्ठ्यानं अख्खा घाट गाडी ढकलत आणली. सगळ्यांसमोर त्याला शाबासकी मिळाली.

नव्वदनंतर मी रिटायर होऊन गोडदेवला आलो. एके दिवशी बस्त्यावचा धाकटा भाऊ इनास दारात उभा. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली होती, पण सेकंड शिफ्टची. शिफ्ट सुटल्यावर उत्तनकडे जायला बस नाही. शेठनं सरळ सांगितलं होतं, यायची-जायची सोय कर नाहीतर दुसरा माणूस बघतो. मासळीत पूर्वीसारखं राहिलं नव्हतं आणि घरात कमावता हा एकटा. म्हणाला, "दादा, सेकंड हँड गाडी घेतोय. तू बघायला चल ना."

गेलो. मीरा रोडच्या एका इसमाची हंड्रेड सीसी. इनास रंग बघून खूश. अरे बाबा, रंग काय बघतोस, लग्नाची मुलगी आहे का? मी आधी इंजिनला हात लावला. गरम. म्हणजे आमच्या येण्याआधी यानं गाडी फिरवून ठेवली होती, कारण थंड असताना ती उठत नसणार. मी म्हटलं, "सेठ, ठंडा होने दो. हम बैठते हैं." माणसाचा चेहरा उतरला. चहा झाला, पेपर वाचून झाला. मग इनासनं किक मारायला घेतली आणि घाम निघाला तरी गाडी उठेना. आम्ही उठलो.

तिसरी गाडी बरी निघाली. पहिल्यांदा घेणाऱ्यानं एवढं तरी करावं: गाडी थंड असताना चालू करून बघावी. समोर उकिडवं बसून पुढचे दोन दांडे सरळ आहेत का पाहावं, वाकडे असतील तर ती कुठेतरी आपटलीय. मागून निळा धूर येतोय का बघावा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरतात का, हे तर बघावंच, त्यात लाज कसली? आर. सी. बुकातला नंबर आणि इंजिनावरचा नंबर आपल्या डोळ्यांनी जुळवावा. आणि गाडी समुद्राकाठी राहणार असेल तर चेनला तेल घालायचा कंटाळा करायचा नाही, कारण खारा वारा लोखंड खातो. या गाडीचा कॉक रिझर्व्हलाच होता. आधीच्या मालकाची सवय. मी इनासच्या डोक्यात टपली मारून तो त्याच्याच हातानं फिरवून घेतला.

शिकवायला मिठागराच्या बाजूचं मोकळं मैदान धरलं. पहिले दोन दिवस इंजिन बंद. नुसती ढकलायची, वळवायची, ब्रेक लावून थांबवायची. मग क्लच. इनासचा हात चांगला होता. चौथ्या दिवशी वळताना पुढचं चाक भुसभुशीत मातीत गेलं आणि गाडी हळूच उजवीकडे कलली. सोडली असती तर काही झालं नसतं. यानं दोन्ही हातांनी हँडल धरून ठेवलं, गाडीबरोबर खाली गेला आणि पोटरी सायलेन्सरवर भाजून घेतली. तरी हँडल सोडेना.

मी ओरडलो. मिठागरातली माणसं काम थांबवून बघायला लागली, एवढा ओरडलो. "सोड! गाडी सोड म्हटलं ना!"

इनास घाबरला. म्हणाला, "दादा, एवढं काय झालं? भाजलंय फक्त."   मी बांधावर बसून राहिलो.

पोटरीवरचा फोड घरी त्याच्या आईनं पाहिला आणि गाडीची चावी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मी पालीला गेलो. माय दारात बोंबील उलटत बसली होती. तोवर बस्त्यावचा विषय काढला की ती उठून जायची, त्यामुळे मीही काढत नसे. त्या दिवशी तीच बोलली.

"एक पोर गारीनं नेला. दुसरा न्हाय देवाची मी."

मग तिनं जे सांगितलं ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. बस्त्यावची शवपेटी घेऊन जो जवान पालीला आला होता, त्याला कोणीतरी विचारलं, कसा गेला? तो म्हणाला होता, पेट्रोल संपलं आणि पाण्यात अडकला. एवढंच. ती इतकी वर्षं मुलावर रागावून बसली होती. तो लहानपणापासून विसरभोळा, पेट्रोल भरायला विसरला आणि जीव घालवून बसला, असं तिच्या मनानं धरलं होतं. आणि हा इनासही तसाच, म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. विसरभोळा? बस्त्याव? मी इनासला आत बोलावलं, दोघांना समोर बसवलं आणि त्या दिवसाचं सगळं सांगितलं.

चार दिवस पाऊस थांबला नव्हता. डोंगर कोसळून रस्ता बंद झालेला, त्यामुळे पेट्रोल आलंच नव्हतं. दोघांच्या टाकीत जे होतं ते होतं. दुपारी वरच्या चौकीवरून निरोप आला. दरड पडून नाल्याचं पाणी अडलंय, तळं साचलंय, ते कधीही फुटेल. खाली नाल्याकाठी आमची एक कंपनी तंबू ठोकून बसलेली. त्यांची टेलिफोन लाईन तुटलेली. ऑपरेटर सेटवर सारखा ओरडत होता. दरीतून काही उत्तर नाही. शेवटी म्हणाला, "नथिंग हर्ड. आउट."

कॅप्टन साहेब आमच्याकडे वळले. "दोनों जाओ. कंपनी को ऊपर चढाओ. अभी."

आम्ही निघालो. चिखल एवढा की पाय खाली टेकवत चालवायची. अर्ध्या वाटेवर रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवा लांब, कंपनीकडे. डावा जवळच, नाल्यावरच्या फरशी पुलाकडे. त्या पुलापलीकडे रस्त्याच्या कामावरचे मजूर राहत होते, बायकापोरांसकट. फाट्यावर बस्त्यावचं इंजिन खोकलं. त्यानं वाकून कॉक फिरवला.

"रिझर्व्हला लागली," तो म्हणाला. मग डावीकडे बघितलं. मजुरांच्या चुलींचा धूर दिसत होता. "त्यांना कोण सांगणार?"

मी म्हटलं, ऑर्डर कंपनीची आहे.

"कंपनी लांब आहे. तुझ्यात पेट्रोल आहे, तू जा. मी इकडे जातो."

"परत वर कसा चढशील?"

"चालत येईन."

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तो बरोबर बोलत होता. मी उजवीकडे गेलो. कंपनीला निरोप दिला. जवानांनी तंबू तसेच टाकले आणि सगळे टेकडीवर चढले. मी लगेच मागे फिरलो. वरच्या वळणावर आलो तेव्हा खाली फरशी दिसली.

मजूर अलीकडच्या डोंगरावर चढत होते. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना बस्त्याव गाडीवर बसवून फरशीवरून अलीकडे आणत होता. ते मला नंतर मुकादमानं सांगितलं. मी पाहिली ती शेवटची खेप. मागे एक म्हातारा. फरशीच्या मधोमध गाडी बंद पडली. म्हातारा उतरला, दोघा-तिघांनी धावत येऊन त्याला ओढत काठावर नेलं. बस्त्यावनंही चार ढांगा टाकल्या असत्या तर काठ होता. तो गाडी ढकलायला लागला.

पाणी यायच्या आधीच मला वरून पाण्याचा गडगडाट ऐकू आला. मी हॉर्न दाबला. दाबूनच धरला. घसा फाटेपर्यंत ओरडलो. बस्त्याव, सोड! गाडी सोड! त्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? त्यानं मान वर केली. मला बघितलं. हात वर केला, आलोच म्हणावं तसा. आणि परत दोन्ही हात हँडलवर ठेवून जोर लावला. त्याला वाटलं असणार, मी लवकर ढकल म्हणून सांगतोय.

पाणी काळं होतं. त्यात झाडं होती. मग फरशीच दिसेना.

मी गाडी तिथेच टाकून खाली पळालो. कुठे पळत होतो, मलाच माहीत नव्हतं. मजुरांनी मला धरून ठेवलं. मी मोठमोठ्यानं रडत होतो. त्या मजुरांतला एकही माणूस गेला नाही. कंपनीतला एकही नाही. बस्त्याव तिसऱ्या दिवशी खाली सापडला. गाडी सापडली तेव्हा कॉक रिझर्व्हलाच होता. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत साक्षीसाठी मला थांबवून घेतलं आणि पेटीबरोबर दुसऱ्या जवानाला पाठवलं. त्यानं खोटं सांगितलं नाही. पण ते पेट्रोल कशात संपलं, ते त्याला माहीत नव्हतं.

सांगून झालं. इनास खाली मान घालून बसला होता.  मायनं विचारलं, तो म्हातारा जगला ना? मी म्हटलं, जगला.

"गारी का न्हाय सोरली त्यानं?"

मी म्हटलं, फौजेत तसंच शिकवतात. सरकारी गाडी टाकून यायचं नाही.

तिनं मान हलवली. "फौजेन न्हाय. त्याच्या बापसानं शिकवला. होरी सोराची न्हाय. जाला सोराचा न्हाय. काय पन होऊदे. मीपन तेच शिकवला." तिचा चेहरा बघवत नव्हता.  एवढ्या वर्षांचा मुलावरचा राग मी काढला आणि त्या जागी हे ठेवलं. सांगितलं ते बरं केलं की वाईट, मला तेव्हा काही समजेना.

ती उठली. कमरेची चावी काढून इनासच्या हातात दिली. त्याची हनुवटी धरून म्हणाली, "गारी परली तं सोरून दे. आयकलास? सोरून दे."

त्यानंतर इनास कामाला निघाला की रोज ती गल्लीत येऊन एवढंच सांगायची. शेजारपाजारचे हसायचे. बाकीच्या बायका मुलांना सांभाळून जा म्हणतात, ही म्हणते गाडी सोडून दे.

उत्तन रस्त्यावर मासळीचे टेम्पो जातात. त्यांतून बर्फाचं पाणी गळतं आणि नेमकं वळणावर साचतं. तिथे ब्रेक लावायचा नाही, कलंडायचं नाही, आधीच स्पीड तोडायचा, हे मी इनासला दहादा सांगितलं होतं. पण गाडी शिकलेला प्रत्येक जण एकदा तरी पडतोच. रविवार होता. मी मायकडे जेवायला गेलो होतो. इनास दुपार टळली तरी येईना. माय आत-बाहेर करत होती. मग गल्लीच्या तोंडाशी तो दिसला. चालत येत होता. कोपर सोललेलं, शर्ट फाटलेला, हेल्मेट हातात.

"गारी कुठं हाय?" तिनं विचारलं.

"खड्ड्यान गेली. सोरली मी."

तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. आणि ती रडायला लागली. बस्त्यावची पेटी आली तेव्हा ही बाई रडली नव्हती, असं गावात सगळे सांगतात. त्या दिवशी ती त्याचंच नाव घेऊन रडत होती. गाडी आम्ही संध्याकाळी टेम्पोत घालून आणली. हेडलाईट फुटला होता, एवढंच.

दोन नोव्हेंबरला पालीच्या दफनभूमीत सगळे आपापल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात. मी बौद्ध माणूस, पण दरवर्षी जातो. गोडदेवहून इनास मला गाडीवर घेऊन जातो. निघण्याआधी वाकून कॉक बघतो, मला दाखवतो आणि किक मारतो. लान्स नायक सेबॅस्टियनच्या क्रॉसजवळ माय आधीच बसलेली असते. ती प्रार्थना म्हणते. मी अटेन्शनमध्ये उभा राहतो. बाकीच्यांना वाटतं, हवालदार मनातल्या मनात सलामी देतोय. मी तिथे उभा राहून हॉर्न दाबत असतो.