हिल्डाच्या फाटकावरची पेटी

हिल्डा नोस्के समुद्रकाठच्या व्हिक्टर हार्बरला बहिणीच्या घरी वारली, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या लॉक्स्टन गावच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या मंडळात, तिच्यावर चार शब्द बोलायचं काम लेस्टर पेथिककडे आलं. का, तर तो शेजारी. आता लेस्टरला तिच्याबद्दल ठाऊक तरी काय होतं? ती चहात साखर घेत नसे आणि कोंबड्यांना सासरच्या बायकांची नावं देई. इतक्या वर्षांच्या शेजाराची एवढीच कमाई. बाकी आठवत होता तो त्याचा स्वतःचाच वेडेपणा.

लेस्टर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. द्राक्षमळेवाल्यांनी मातीतली ओल सांगणाऱ्या पेट्या आणल्या, तेव्हा त्याने न मागता सल्ला दिला आणि सगळं काम गळ्यात पडलं. पेट्या रेडिओवरून बोलत, पण आवाज क्षीण. एक पेटी आपला निरोप शेजारणीला देई, ती पुढचीला, असं करत तो मळेवाल्यांच्या शेडवरच्या उंच अँटेनापर्यंत पोचे. निरोपाने सगळ्यात जवळची वाट धरायची, ही लेस्टरची शिकवण. आणि सगळ्यांनाच जवळ पडे ती हिल्डाच्या फाटकावरची पेटी.

ती सारखी बंद पडे. तिच्यावर सूर्याची ऊर्जा घेणारं पॅनेल होतं, तरी बॅटरी पुरत नसे. ती गप्प झाली की मागचे सगळे मळे मुके. जानेवारीच्या भाजणाऱ्या उन्हात कुठे पाणी सोडायचं ते कळेना.

लेस्टरने खापर फोडलं पांढऱ्या काकाकुव्यांवर. ते तारा कुरतडतात, हे तिथे पोरंही सांगतील. त्याने पॅनेलपासून बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवर नळी चढवली, बॅटरी बदलली, खांबाला रबरी साप बांधला. काकाकुवे त्या सापावर झोके घेऊ लागले.

हिल्डा व्हरांड्यातून हे बघे, पण सलग बघायला मिळत नसे. तिचं घर रस्त्याला लागून, म्हणून अख्ख्या वस्तीची पार्सलं, किल्ल्या, निरोप तिच्याकडेच. बहिणीकडे समुद्रावर राहायला जायचंय, असं ती दर उन्हाळ्यात म्हणे.

"मग जा की," लेस्टर एकदा शिडीवरून म्हणाला.

"आणि फाटक काय, बॅगेत भरून नेऊ?"

लेस्टर हसला आणि पुन्हा बॅटरी बदलायला लागला.

शेवटी एकदा तारा तपासून थकल्यावर त्याने पेटी बोलते किती ते बघितलं. तिचं स्वतःचं बोलणं चिमूटभर, बाकी दिवसभर दुसऱ्यांचीच ओझी. काकाकुवे निर्दोष होते. मग त्याने पेट्यांना नवी सवय लावली: निरोप देण्याआधी कोणाची बॅटरी जास्त भरलेली आहे ते बघायचं, वाट थोडी लांबली तरी चालेल. फाटकावरची पेटी तगली. मळ्यांना वेळेवर पाणी मिळालं.

एवढ्या पराक्रमानंतर गप्प कसं बसवेल? आयुष्यात कधी चार माणसांत तोंड न उघडलेला लेस्टर क्लबात उभा राहिला आणि टेबलावर बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या मांडून समजावू लागला. कोणाला काही कळत नव्हतं. कळलं ते वूला पापास या मळेवालीला.

"म्हणजे जवळ पडते म्हणून सगळं एकीच्याच डोक्यावर," ती म्हणाली. "आपण हिल्डाचं करतो तसं."

कोपऱ्यात हिल्डा सँडविच कापत होती, तिने मान वर केली नाही. लेस्टर हातातल्या चकतीकडे बघत राहिला. पेटीचं त्याला कळलं होतं. पेटीच्या मागच्या घरात कोण राहतं, ते नव्हतं सुचलं.

क्लबात चहा कोणी करायचा त्याच्या पाळ्यांची पाटी होतीच. तिच्याखाली वूलाने हिल्डाचं फाटक सांभाळायच्या पाळ्या लिहिल्या. पहिली लेस्टरची, कारण तो एकटाच उभा होता.

हिल्डाला न्यायला बहीण गाडी घेऊन आली. थोडे दिवस म्हणून गेलेली हिल्डा मग समुद्रावरच रमली. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक? लेस्टर फाटकाशी उभा होता, दोन्ही खिशांत लोकांच्या किल्ल्या, कुठली कोणाची याचा आधीच घोळ. हिल्डाने काच खाली केली.

"कोंबड्यांचं दार अंधाराआधी लाव."

"लावतो."

"आणि तो साप काढ रे. पोस्टमन दचकतो."

"काढतो."

"पण घाई नाही. पाखरांना आवडतो."